हिवाळ्याचीं चाकें

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणें हें गांवच्या लोहाराचें मोठें कसबाचें काम मानलें जात असे. धाव तापवून लाल करावयाची, ती लांकडी चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतून आवळावयाची; एवढा खटाटोप एकदां झाला म्हणजे तें चाक पुष्कळ वर्षें उन्हापावसांत चालत राही. ऋतु बदलला म्हणून चाक बदलण्याचें कोणाच्या स्वप्नींहि येत नसे. उत्तरेकडील शीत देशांत मात्र ही निश्चिंतता कोणास लाभलेली नाहीं. मोटारी येण्यापूर्वींहि तेथील शेतकरी हिवाळा तोंडावर आला कीं घोड्याच्या नालांना टोंकदार खिळे बसवून घेत. कारण गोठलेल्या रस्त्यावर साध्या नालाच्या घोड्यास पाय रोवून ओझें ओढतां येत नसे. पुढें घोडा गेला आणि मोटार आली. बर्फ मात्र होता तेथेंच राहिला. म्हणून खिळे बसविण्याचा तो जुना नेम चाकें बदलण्याच्या रूपानें आजहि चालू आहे.

जर्मनींत या नेमाची एक सुटसुटीत म्हण झाली आहे. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर, असा तिचा आशय. त्या भाषेंत हे दोन्ही शब्द 'ओ' या अक्षरानें सुरू होतात, त्यामुळें ती चटकन् तोंडीं बसते. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, कॅनडा आणि जपानचा उत्तर भाग, सर्वत्र शरदृतूच्या अखेरीस गॅरेजांपुढें हीच गर्दी दिसते. नोकरीधंद्यानिमित्त म्यूनिक, स्टॉकहोम किंवा माँट्रियल येथें संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना हा नेम पहिल्याच वर्षीं शिकावा लागतो. पावसाळ्यापूर्वीं घर शाकारणें त्यांना ऐकून तरी ठाऊक असतें. हिवाळ्यापूर्वीं मोटार शाकारणें ही गोष्ट नवी असते.

अशा वेळीं पुष्कळ गृहस्थ एक सोपा तोडगा काढतात. चारी चाकांना एंजिनाचा जोर पोंचविणारी मोटार, जिला सर्वत्र फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात, ती ते विकत घेतात. एवढी किंमत मोजल्यावर पुन्हां टायरांचा निराळा खर्च कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. ही समजूत केवळ परदेशांत नव्यानें गेलेल्यांचीच आहे असें नव्हे. ज्यांचा जन्म बर्फांत गेला अशा लोकांतहि ती आढळते. तिच्यांत अर्धें सत्य आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे.

अर्धें सत्य तें असें. निसरड्या जागेवर गाडी हलविण्यास चाकाला रस्त्याची पकड लागते. एंजिनाचा जोर दोनच चाकांवर पडला तर त्या दोन चाकांना आपल्या शक्तीबाहेर ओढावें लागतें आणि तीं जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात. तोच जोर चार चाकांत वांटला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास साधारण निम्मा भार येतो; गाडी बर्फांतून सहज निघते, चढण चढते. १९४१ सालापासून युद्धभूमीवर नांवाजलेल्या जीप गाडीची कीर्ति याच गुणावर उभी राहिली.

आतां राहिलेलें अर्धें. गाडी थांबविण्याचें काम एंजिन करीत नाहीं, तें ब्रेक करतात. आणि ब्रेक चारी चाकांना असणें ही गोष्ट स्वस्तांतल्या स्वस्त मोटारींतहि असते. म्हणजे थांबण्याच्या बाबतींत या महाग गाडीस शेजाऱ्याच्या साध्या गाडीपेक्षां कांहींहि अधिक मिळालेलें नसतें. दोघींचाहि भरंवसा चार टायरांच्या तळांवर, म्हणजे रस्त्यास प्रत्यक्ष टेकणाऱ्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर असतो. वळणावरहि तोच प्रकार. वळतांना गाडीस आंतल्या बाजूस खेंचून धरणारें बळ त्या चार तुकड्यांतूनच येतें. तें कमी पडलें कीं गाडी सरळ रेषेंत बाहेर जाते.

थोडें गणित केलें तर हें अधिक स्पष्ट होईल. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारें १२ मीटरांत थांबते. रस्त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ असेल आणि हिवाळी टायरांचा घर्षणांक ०.३ धरला, तर हेंच अंतर सुमारें ३३ मीटर होतें. उन्हाळी टायरांचा घर्षणांक ०.२ धरला, तर तें ४९ मीटरांवर जातें. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटेल; परंतु पहिली गाडी जेथें पूर्ण थांबली त्याच जागीं दुसरी अजून ताशीं सुमारें २९ किलोमीटर वेगानें चाललेली असते. त्या जागीं रस्ता ओलांडणारें एखादें मूल असेल, तर पहिली गाडी त्याच्यापुढें उभी राहील आणि दुसरी त्याच्यावर आदळेल. गाडीच्या किती चाकांना जोर आहे, हा प्रश्न त्या क्षणीं कोणी विचारणार नाहीं.

याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे. ज्या गाडीच्या दोनच चाकांना जोर असतो ती निसरड्या सकाळीं घराच्या फाटकांतून निघतांनाच कुरकुर करते. चाकें फिरतात, गाडी जागची हलत नाहीं, आणि आज रस्ता वाईट आहे ही सूचना चालकास पहिल्या दहा पावलांतच मिळते. चारी चाकांच्या गाडींत ही सूचना मिळत नाहीं. ती तक्रार न करतां निघते, वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे तें चालकास प्रथम कळतें तें ब्रेक दाबल्यावर. चांगला नोकर कष्ट लपवितो. परंतु येथें नोकरानें धन्यापासून संकटहि लपविलेलें असतें. यासाठींच या गाडीस हिवाळी टायरांची गरज इतर गाड्यांपेक्षां कमी नाहीं.

टायर उन्हाळी आणि हिवाळी असे दोन प्रकारचे कां असावे, याचें उत्तर रबराच्या स्वभावांत आहे. रबर थंडींत कडक होतें. उन्हाळी टायराचें रबर तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजूं नये अशा बेतानें बनविलेलें असतें. हवा सात अंश सेल्सियसच्या खालीं गेली कीं तें ताठर होऊं लागतें, असा साधारण ठोकताळा आहे. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खांचखळग्यांत शिरत नाहीं, आणि शिरलें नाहीं म्हणजे पकड आली नाहीं. हिवाळी टायराचें मिश्रण थंडींतहि मऊ राहील असें केलेलें असतें. त्याच्या पृष्ठावरील नक्षी खोल असते, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. गाडी चालतांना या चिरा किंचित् उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फास धरतात. खोल नक्षींत बर्फ दाबून भरला जातो, तोहि उपयोगीच पडतो. कारण बर्फाची बर्फाशीं पकड चांगली बसते, हें हिमाचा गोळा वळणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असतें.

हिवाळ्याकरितां खास टायर प्रथम बनला तो फिनलंडमध्यें. नोकिया या गांवच्या रबर कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींकरितां असा टायर तयार केला आणि १९३६ सालीं खासगी मोटारींकरितां दुसरा. पुढें १९६० नंतरच्या दशकांत टायरांत कठीण धातूचे बारीक खिळे बसविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. घोड्याच्या नालाचीच ती नवी आवृत्ति होती. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर या खिळ्यांना तोड नाहीं. परंतु बर्फ नसलेल्या जागीं ते रस्ता खरवडतात, आणि त्याची धूळ नगरवासीयांच्या फुप्फुसांत जाते. या कारणानें जर्मनीनें १९७५ सालापासून त्यांस सामान्यतः मनाई केली, आणि जपाननें १९९० सालीं त्यांच्याविरुद्ध कायदा केला. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथें ते हिवाळ्यांत अजूनहि चालतात. कोणता प्रकार घ्यावा, हें म्हणूनच ज्या त्या गांवच्या रस्त्यावर व कायद्यावर अवलंबून असतें.

कायद्याची गोष्ट निघाली तर थोडी ओळख येथेंच करून घेणें इष्ट होईल. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्यें १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळांत रस्त्यावर हिवाळी परिस्थिति असेल तर ते लावावे लागतात. जर्मनींत तारीख ठरलेली नाहीं. बर्फ, चिखलबर्फ किंवा दंव गोठलेलें असेल तेव्हां योग्य टायर नसणें हा गुन्हा ठरतो. टायर हिवाळी आहे हें ओळखण्याची खूण त्याच्या बाजूवरच असते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आंत हिमाचा कण, असें तें चित्र आहे, आणि तें बर्फावरील परीक्षेंत उतरलेल्या टायरासच मिळतें. जुन्या टायरांवर 'एम' व 'एस' हीं दोन अक्षरें आढळतात. चिखल व बर्फ असा त्यांचा अर्थ. परंतु तीं कारखानदार स्वतःच्या मतानें घालूं शकतो. चारी चाकांच्या दांडग्या गाड्यांवर कारखान्यांतूनच येणाऱ्या टायरांवर पुष्कळदां हींच दोन अक्षरें असतात, आणि तीं पाहून मालक निर्धास्त होतो. जर्मनींत १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ या अक्षरांवर भागत नाहीं, डोंगराचें चित्रच लागतें.

येथपर्यंत जें सांगितलें तें सर्वच मोटारींना लागू आहे. चारी चाकांच्या गाडीस एक निराळें पथ्य पाळावें लागतें, आणि तें म्हणजे चारी टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले असावे. दोनच टायर हिवाळी घेऊन पैसे वांचविण्याचा विचार कोणत्याहि गाडींत वाईटच. कारण पुढची जोडी धरते आणि मागची घसरते, किंवा उलट होतें. या गाडींत त्याशिवाय यंत्राचीहि हानि होते. पुढचीं आणि मागचीं चाकें येथें एकमेकांशीं दांड्यांनीं व दंतचक्रांनीं जोडलेलीं असतात. त्यांचे घेर सारखे नसले तर लहान घेराच्या चाकास तेवढ्याच अंतरांत अधिक फेरे घ्यावे लागतात. समजा, एका टायराचा घेर २२०० मिलिमीटर आहे. दुसऱ्या टायराची नक्षी ४ मिलिमीटर अधिक झिजली असेल तर त्याचा घेर सुमारें २५ मिलिमीटरांनीं कमी भरतो, आणि दर किलोमीटरास त्याला जवळजवळ पांच फेरे अधिक घ्यावे लागतात. हा फरक मधल्या यंत्रास अखंड सोसावा लागतो. तें तापतें, झिजतें आणि अखेरीस मोडतें. टायरांवर वांचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम मग दुरुस्तीस लागते. कांहीं कारखाने तर घेरांतील फरक पाव इंचाच्या आंत असावा असें बजावतात. पाव इंच घेर म्हणजे नक्षींत अवघा एक मिलिमीटर फरक. म्हणून एखादा टायर फाटला तर एकच नवा घेऊन भागेल काय, हें उरलेल्या तिघांची झीज मोजूनच ठरवावें लागतें. आणि पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें अशी अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं करीत राहिलें म्हणजे चौघेहि बरोबरीनें झिजतात.

शहाणे गृहस्थ हिवाळी टायर रिमसकट निराळेच ठेवतात. एकाच रिमवरून टायर वर्षांतून दोनदां काढघाल केल्यानें त्याच्या कडा दुखावतात, आणि दर खेपेस मजुरी पडते ती वेगळीच. रिम निवडतांना मात्र डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. बोल्टांच्या भोंकांची संख्या व त्यांचें वर्तुळ, मधल्या मोठ्या छिद्राचा व्यास, आणि रिम आंत किंवा बाहेर किती सरकून बसते तें माप, हीं तिन्ही जुळावीं लागतात. आंतल्या बाजूस ब्रेकच्या जबड्यास रिम लागत नाहीं ना, हेंहि पाहावें लागतें. कोणतीं मापें चालतील हें गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. अनुमत असलेल्या मापांपैकीं अरुंद टायर हिवाळ्यास बहुधा बरा; तो ताज्या खोल बर्फांतून वाट काढीत तळाशीं लवकर पोंचतो, रुंद टायर बर्फावर तरंगूं पाहतो. दांडग्या गाडीस रुंद टायर शोभून दिसतात हें खरें. पण ती शोभा उन्हाळ्यासाठीं राखून ठेवावी.

गेल्या वर्षाचे टायर पुन्हां लावावयाचे असतील तर त्यांची तपासणी पहिला बर्फ पडण्यापूर्वीं तीन-चार आठवडे करावी. म्हणजे नवे घ्यावे लागले तरी धांवाधांव होत नाहीं. प्रथम नक्षीची खोली मोजावी. जर्मन कायद्यास १.६ मिलिमीटर पुरे होते, स्वीडन व फिनलंडमध्यें हिवाळी टायरास ३ मिलिमीटर लागते, आणि ऑस्ट्रियांत ४ मिलिमीटर. तज्ज्ञांचा कल ४ कडेच आहे. त्याखालीं चिरांचें काम जवळजवळ संपतें, आणि टायर अगदीं गोटा झालेला दिसत नसला तरी बर्फास तो गोट्यासारखाच असतो. मग टायराचें वय पाहावें. बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात आणि पुढचे दोन वर्ष. '३५२३' म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. जुनें रबर नक्षी शाबूत असतांहि कडक झालेलें असतें. बाजूंना भेगा, फुगवटे किंवा रुतलेले कांटेखिळे आहेत काय, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें. नव्या रिमवर टायर चढविला असेल तर चाकाचा तोल यंत्रावर साधून घ्यावा. न साधल्यास वेगांत सुकाणूचें चाक हातांत थरथरतें.

प्रत्यक्ष चाकें बसविण्याचें काम अवघड नाहीं, पण त्यांत घाई चालत नाहीं. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी. मातीवर किंवा उतारावर जॅक लावूं नये. हातब्रेक ओढावा, आणि जें चाक उचलावयाचें त्याच्या तिरक्या समोरच्या चाकास दोन्ही बाजूंनीं लांकडाच्या पाचरा घालाव्या. कारण हातब्रेक बहुधा मागच्याच चाकांस धरतो. नट अथवा बोल्ट चाक जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. मग पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच जॅक लावून गाडी उचलावी, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शरीराचा कोणताहि भाग घालूं नये. काढलेल्या प्रत्येक उन्हाळी चाकावर तें कोठलें होतें तें खडूनें लिहावें: पुढचें डावें, मागचें उजवें, याप्रमाणें.

आतां चाकाचा तुंबा, ज्यास मिस्त्री लोक हब म्हणतात, तो उघडा पडतो. अनुभवी माणूस आणि नवशिका यांतील फरक येथें दिसतो. मिठाच्या पाण्यानें तुंब्याच्या तोंडावर गंज चढलेला असतो. नवशिका त्यावरच चाक ठेवून मोकळा होतो. अनुभवी माणूस तारेच्या ब्रशानें तो गंज खरवडून काढतो आणि रिमची टेकणारी बाजूहि पुसून घेतो. गंजाचा पापुद्रा मध्यें राहिला तर नट घट्ट लागल्यासारखे वाटतात. पुढें हादऱ्यांनीं तो पापुद्रा चुरतो, नट सैल होतात, आणि भर वेगांत चाक निखळण्याची पाळी येते. तुंब्याच्या मधल्या उंचवट्यास गंजरोधक लेपाचा अगदीं पातळ हात द्यावा, म्हणजे वसंतांत चाक सहज सुटतें. बोल्टांच्या आट्यांस मात्र, पुस्तिकेंत तसें लिहिलें नसेल तर, तेल-ग्रीस लावूं नये.

लोखंडी रिमचे बोल्ट आणि मिश्रधातूच्या रिमचे बोल्ट पुष्कळदां निराळे असतात. कोणाची बैठक शंकूसारखी, कोणाची गोलाकार, कोणाची सपाट. लांबीहि कमी-अधिक असते. रिम बदलली तर बोल्ट तेच चालतील असें गृहीत धरूं नये. टायराच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर गाडी पुढें जातांना चाक त्याच दिशेनें फिरेल असें बसवावें. सर्व बोल्ट प्रथम हातानें फिरवून बसवावे. हातानें न फिरणारा बोल्ट वांकडा लागलेला असतो. मग ते चांदणी काढावी तसे एकाआड एक, समोरासमोरचे आवळावे, म्हणजे चाक सर्व बाजूंनीं सारखें टेकतें. गाडी खालीं घेतल्यावर अखेरचा पीळ टॉर्क रेंच या मोजून आवळणाऱ्या पान्यानें द्यावा. किती द्यावयाचा तें पुस्तिकेंत असतें. बहुतेक खासगी मोटारींत हा आकडा १०० ते १५० न्यूटन-मीटर यांच्या दरम्यान पडतो. पान्यावर उभें राहून आवळणारा मनुष्य काम पक्कें करीत नसतो, तो बोल्ट ताणून कमजोर करीत असतो. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर सर्व बोल्टांवर तोच पाना पुन्हां एकदां फिरवावा. हा फेरा पुष्कळांच्या हातून राहतो, आणि नेमका तोच राहूं देऊं नये.

यानंतर हवा. थंडींत हवेचा दाब आपोआप उतरतो. तापमान दहा अंशांनीं घटलें कीं दर चौरस इंचीं सुमारें दीड पौंड. ऊबदार गॅरेजांत वीस अंशांवर भरलेली हवा बाहेर शून्याखालीं दहा अंशांत उभ्या गाडींत जवळजवळ पांच पौंडांनीं कमी भरते. म्हणून दाब थंड टायरावर, बाहेरच्या हवेंतच मोजावा आणि महिन्यांतून एकदां तरी पाहावा. बर्फावर पकड वाढावी म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याची कांहींची रीत आहे. रोजच्या रस्त्यावर ती चुकीची आहे. अलीकडील गाड्यांत दाब कमी झाल्यास इशारा देणारी योजना असते; हिवाळी चाकांत तिची उपकरणें बसविलीं आहेत कीं नाहींत, हें आधींच विचारून घ्यावें.

काढलेलीं उन्हाळी चाकें धुवून, कोरडीं करून, थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावीं. रिमसकट असतील तर एकावर एक आडवीं रचावीं किंवा टांगावीं; नुसते टायर असतील तर उभे ठेवावे आणि मधून मधून फिरवावे. तेल, पेट्रोल आणि ऊन हे रबराचे वैरी आहेत. ही व्यवस्था नीट झाली म्हणजे वसंतांत तींच चाकें, खडूच्या खुणांच्या आधारें, पुन्हां आपापल्या जागीं जातात.

हा सर्व विषय महाराष्ट्रापासून दूरचा वाटेल; परंतु तो तितका दूर राहिलेला नाहीं. रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून मनालीपलीकडचा लाहौलचा बर्फ हिवाळ्यांतहि प्रवाशांच्या आटोक्यांत आला आहे. पुण्यामुंबईच्या गाड्याहि तेथें जातात. हिमवृष्टि झाली म्हणजे तेथील पोलीस पुष्कळदां चारी चाकांना जोर असलेल्या किंवा चाकांस सांखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढें सोडतात. पुढें सोडलें म्हणजे रस्ता निर्धोक झाला, असें मात्र नव्हे. घरून निघतांना गाडीस जे टायर होते तेच उष्ण रस्त्याचे टायर त्या उतारावर तिच्याखालीं असतात, आणि सावलींतल्या वळणांवर गोठलेलें पारदर्शक पाणी डोळ्यांस काळ्या डांबरासारखें दिसतें. अशा ठिकाणीं पुस्तिकेंत अनुमति दिलेल्या मापाच्या सांखळ्या जवळ असणें, त्या एकदां घरींच चढवून पाहणें, आणि उतार लागला कीं खालच्या गिअरमध्यें पायीं चालल्यासारखें उतरणें, हाच मार्ग. चढ चढून गेलेली गाडी परत उतरावयाची असते, हें चढतांनाच ध्यानांत ठेवावें लागतें.

उत्तरेकडील देशांत जाणते चालक पहिला बर्फ पडला म्हणजे एक लहानशी परीक्षा घेतात. रस्त्यावर मागेंपुढें कोणी नाहीं असें पाहून, अगदीं मंद वेगांत, ते एकदां ब्रेक दाबून पाहतात. गाडी किती सरकते तें त्यांना कळतें आणि त्या दिवसाचा वेग ते त्यावरून ठरवितात. चारी चाकांची गाडी जी सूचना निघतांना देत नाहीं, ती अशा रीतीनें मागून घ्यावी लागते. चांगले टायर, साफ केलेला तुंबा, मोजून आवळलेले बोल्ट आणि ही क्षणभराची परीक्षा, एवढें ज्यानें केलें त्याच्या घरीं संध्याकाळीं वाट पाहणाऱ्या माणसांची काळजी थोडी हलकी होते. ऑक्टोबरांतील एका सकाळीं हात काळे करून घेण्याचें सार्थक एवढ्यांतच आहे.